निळ्या उजेडापुढची खुर्ची

१

सुचित्राचा दिवस आईला उचलण्यापासून सुरू व्हायचा. गॅलरीतला नळ आला की ती बादल्या भरून घ्यायची, गॅसवर पाणी तापत ठेवायची आणि मग कॉटवर वाकून आईच्या काखेत हात घालायची. आनंदीबाई म्हणजे हाडापेराने दणकट बाई. लालबागच्या ह्याच खोलीत त्यांनी ऐन उमेदीत गिरणीतल्या बाप्यांची खानावळ चालवली होती. आता गुडघे गेले, नजर मंदावली, तरी देह तसाच भरीव होता. त्यांना मोरीपर्यंत नेताना सुचित्राच्या कमरेत कळ यायची. पण त्या कळीचाही तिला एक अभिमान होता. ही कळ माझी आहे, मायाच्या वाट्याची नाही.

माया तिची धाकटी बहीण. लग्न झालं ते त्याच मजल्यावरच्या हितेंद्रशी, त्यामुळे सासर तीन दारं सोडून. सकाळी शाळेच्या ऑफिसात नोकरी आणि दुपारी घरी. आईकडे यायची ती नटूनथटून, पावडर लावून, दहा मिनिटं बसायची आणि जायची. सुचित्राने लग्न केलं नाही. बापाच्या आजारपणात ते राहून गेलं, आणि मग आई होतीच. घरबसल्या मालवणी मसाला करून विकायचा आणि आईचं बघायचं, एवढंच तिचं आयुष्य होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार एकाच गोष्टीची होती. ती आईला मऊ भात भरवायची, तोंड पुसायची, आणि घास गिळून आई विचारायची, "माया जेवली काय गो?"

सुचित्रा जेवली का, हे आईने कधी विचारलं नाही.

२

हितेंद्रचं काम हॉटेलांत, मिठाईच्या दुकानांत माश्या मारायची विजेची यंत्रं बसवायचं. एका बंद पडलेल्या खानावळीतून काढलेलं जुनं यंत्र त्याने घरी आणलं आणि भिंतीवर टांगलं. पत्र्याची चौकट, आत दोन निळ्या नळ्या, त्यांच्यापुढे तारांची जाळी आणि खाली किडे पडायला ट्रे.

"सोप्पं असतं गं सगळं," सुचित्राने विचारलं तेव्हा तो म्हणाला. "किड्याला हा उजेड म्हणजे मोकळं आभाळ वाटतं. घरात कोंडलेला किडा बाहेर पडायची वाट शोधत असतो. त्याला वाटतं, ही बघ वाट. तारांमध्ये शिरला की सर्किट पूर्ण होतं. तड्! खलास."

"आणि मच्छर?"

"मच्छर उजेडाला नाही येत. तो तुझ्या श्वासावर येतो. मच्छरासाठी हे यंत्र फुकट." त्याने नळीवरची धूळ बोटाने पुसली. "आणि गंमत सांगू? आपल्याला जो निळा उजेड दिसतो ना, तो कामाचा नाही. कामाचा उजेड आपल्याला दिसतच नाही. वर्ष झालं की तो संपतो. नळी पेटलेली दिसते, पण किडा ढुंकून बघत नाही."

"मग ही जुनीच आहे ना?"

"हो. बदलायची आहे. तोवर लावलंय आपलं असंच."

त्याच आठवड्यात आई मायाकडे चहाला म्हणून गेली. गेली म्हणजे सुचित्रानेच धरून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर आई स्वतःच कॉटवरून पाय खाली सोडून बसली.

"खंय निघालीस?"

"मायाकडे. थय उजवाड आसा."

उजेडाचं म्हणाल तर, समोर टॉवर उभा राहिल्यापासून चाळीतल्या खोल्यांना दुपारीही दिवा लागायचा, हे खरं होतं. पण सुचित्राच्या खोलीतही ट्यूबलाइट होती. पांढरीशुभ्र, गेल्या दिवाळीत बसवलेली. ती त्या ट्यूबकडे बघत राहिली.

३

मग ते रोजचंच झालं. जेवण झालं की आई निघायची. आधी सुचित्राचा हात धरून, मग भिंतीला धरून, आणि एके दिवशी सुचित्रा मोरीत भांडी घासत असताना आई एकटीच गेली. गुडघ्यांमुळे कॉटवरून मोरीपर्यंत न जाणारी बाई गॅलरीतून तीन दारं चालत गेली. शेजारणींना कौतुक वाटलं. "लेकीच्या मायेने पाय चालायला लागले हो," असं कुणीतरी म्हणालं. ते ऐकून सुचित्राने हातातली कढई जरा जोरातच ठेवली.

ती मसाल्याची मिरची भाजायची, धणे भाजायची, उबळ येईपर्यंत खोलीत ठसका भरायचा, आणि तिचे कान मात्र तीन दारांपलीकडे लागलेले असायचे. आई तिथे हसत असेल का? काय बोलत असेल? आपल्यापाशी तर ती बोलत नाही. एका दुपारी तिला राहवलं नाही. डब्यात थोडा मसाला भरला, तेवढंच निमित्त, आणि ती गेली.

मायाच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. माया पलंगावर झोपली होती, शाळेतून दमून येऊन झोपते तशी, तोंडावर ओढणी घेऊन. आई भिंतीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. ताठ. हात मांडीवर, तळवे वर केलेले. निळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि ती हसत होती.

असं हसू सुचित्राने कधी पाहिलं नव्हतं. लहानपणीही नाही.

तड्, असा आवाज झाला.

सुचित्रा दचकली. जाळीत कुठे किडा दिसला नाही. ठिणगीही दिसली नाही. आईची पापणी तेवढी हलली. थोड्या वेळाने पुन्हा तड्. पुन्हा पापणी.

सुचित्रा पुढे झाली, ट्रे ओढून पाहिला. लखलखीत कोरा. एक पंख नाही, एक पाय नाही. धूळसुद्धा नाही.

धुळीनेच आवाज होत असेल, तिने मनाशी म्हटलं. जुनं यंत्र, तारांवर धूळ बसली की तडतडणारच. आणि नळीतला उजेड संपलाय, हे हितेंद्रनेच सांगितलं होतं, मग किडे कशाला येतील? सगळं बरोबर जुळत होतं. ती मसाल्याचा डबा ओट्यावर ठेवून निघाली.

गॅलरीत आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण आत गेलो, ट्रे ओढला, बाहेर आलो, आणि आईने एकदाही आपल्याकडे पाहिलं नाही.

४

आई हलकी होत चालली होती.

हे आधी तिच्या कमरेला कळलं. सकाळी उचलताना कळ यायची, ती येईनाशी झाली. सुचित्राला वाटलं, आपल्याला सवय झाली. मग एके सकाळी तिने नेहमीच्या जोराने उचललं आणि आई एकदम वर आली, इतकी की सुचित्राचाच तोल मागे गेला. रिकामी असलेली कळशी भरलेली समजून उचलावी, तसं झालं.

तिने आईकडे निरखून पाहिलं. गाल तसेच. दंड तसेच, गोल, कोपरापाशी सैल पडलेल्या कातडीचे. ब्लाउज ढिला झाला नव्हता, बांगड्या हातात पूर्वीसारख्याच घट्ट होत्या. वाळलेलं माणूस सुचित्राने पाहिलं होतं. बाप तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेला होता. हे तसं नव्हतं. आई दिसायला आहे तेवढीच होती. फक्त हातात ती येत नव्हती.

नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, "वय झालंय. हाडं पोकळ होतात. दूध द्या, अंडं द्या."

सुचित्राने दूध दिलं, अंडं दिलं. रागही आला, पण तो डॉक्टरवर नाही. दुपारभर आई मायाकडे असते, तिला तिथे कोण काय खायला घालतं? माया झोपते. म्हातारीला दिव्यासमोर बसवून ही खुशाल झोपते, आणि तरी आई जाते तिच्याकडेच. तिने मायाला गॅलरीत गाठलं.

"आईला खायला देतेस का काही दुपारी?"

"बिस्किट देते. नको म्हणते."

"नको म्हणते म्हणून सोडून देतेस? कशी होत चाललीये बघितलीस? उचलून बघ जरा. रोज मी उचलते म्हणून मला कळतं."

मायाने ओढणी सावरली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सुचित्राला ते दिसलं, पण त्याची कीव आली नाही. उलट बरं वाटलं.

५

काही दिवसांनी दुपारी वीज गेली. टॉवरच्या कामात कुठेतरी केबल तुटली होती म्हणे. पुन्हा आली तेव्हा सुचित्रा गॅलरीत उभी होती, आणि तिने मायाच्या घरातून किंकाळी ऐकली. पोचेपर्यंत माया दारात आली होती. ओढणी गळ्यात अडकलेली, ओठ पांढरे.

"काय झालं? आई पडली?"

"नाही. काही नाही. झुरळ होतं."

आत आई खुर्चीत बसली होती. निळ्या उजेडात, हसत.

संध्याकाळी हितेंद्र कामावरून आल्यावर त्यांच्या घरातून भांडणाचे आवाज आले. "मला नको तो दिवा घरात!" मायाचा आवाज. "अगं, झालं काय पण?" हितेंद्रचा. काय झालं ते मायाने सांगितलं नाही, निदान भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं नाही. सकाळी ते यंत्र गॅलरीच्या टोकाला, भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या पत्र्यांवर पडलेलं होतं.

त्या दुपारी आई मायाकडे गेली आणि लगेच परत आली. कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली. भात खाल्ला नाही. चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगात जरा जडपणा आल्यासारखा सुचित्राला वाटला, पण आई कण्हत होती, गुडघे धरून रडत होती. "उजवाड गेलो गो," एवढंच पुन्हा पुन्हा. सुचित्राने डोक्यावरून हात फिरवला तर तो झटकून टाकला.

सुचित्रा उठून गॅलरीच्या टोकाला गेली. तिच्या मनात आलं ते साधंच होतं. मायाने टाकलं. मायाने आईचं सुख टाकून दिलं. मी देईन.

यंत्र उचलताना ते भलतंच जड लागलं. एवढ्याशा पत्र्याच्या चौकटीला इतकं वजन असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोनदा खाली ठेवावं लागलं.

हितेंद्रनेच ते तिच्या भिंतीवर लावून दिलं. धण्यात बारीक सोंडे किडे झालेत, असं तिने त्याला सांगितलं होतं. "मसाल्यापासून लांब लावतो," तो म्हणाला. "नळ्या मागाहून बदलून देतो. आणि मायाला नको सांगूस. ती हल्ली कशालाही घाबरते." वायर लावून त्याने बटण दाबलं. नळ्या दोनदा लुकलुकल्या आणि खोली निळी झाली.

कॉटवर आई उठून बसली.

६

पुढचे दिवस सुचित्राच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण शेजारणींना ते दिसत होतं. तिने केसांना तेल लावून नीट अंबाडा घातला, ठेवणीतली साडी काढली. आई आता कुठेच जात नव्हती. सकाळपासून आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, आपल्या भिंतीसमोर. सुचित्रा तिच्या हातात वाटी द्यायची आणि आई खायची. निदान वाटी रिकामी व्हायची.

तड्. थोड्या वेळाने तड्. सुरुवातीला ती दचकायची. मग त्या आवाजावर तिचं काम चालायला लागलं. मिरच्यांचे देठ खुडता खुडता ती वाट बघायची, आता होईल, आता होईल, आणि झाला की हात पुन्हा चालायचा. ट्रे ती रोज पुसायची. पुसायला त्यात काही नसायचं.

आईला मोरीत न्यायला आता एक हात पुरायचा. सुचित्राने त्यावर विचार करणं सोडलं होतं. विचार आलाच तर ती म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय, हाडं पोकळ होतात.

एकदा माया दारात आली. आत निळा उजेड पाहून ती उंबऱ्यावरच थांबली.

"ताई, तो दिवा कुठून आणलास?"

"तू टाकलेला. तुला नको होता ना?"

"ताई, बंद कर तो. ऐक माझं. आईला हात लावून बघितलास का तू? नीट, दाबून?"

"मी रोज हात लावते आईला. वर्षानुवर्षं लावते. तू कधी लावलास?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? आई माझ्याकडे बसते ते बघवत नाही तुला. जन्मभर तुझ्याच नावाचा जप होता ना तिच्या तोंडात. आता नाही. विचार तिला. विचार, माया कोण ते!"

माया खुर्चीकडे बघत होती. ती आत आली नाही. तिने हाक मारली, "आई." खुर्चीतली मान वळली नाही. माया रडायला लागली, आणि रडत रडत गॅलरीतून निघून गेली. सुचित्राने दार लावून घेतलं. छातीत इतकं हलकं वाटत होतं की तिला हसू फुटलं.

मागे तड् झालं.

७

त्या दिवशी जेवणं आटोपून सुचित्रा मसाला पिशव्यांत भरत बसली होती. आई खुर्चीत. दार लावलेलं, कारण हल्ली ती ते लावूनच ठेवायची. अचानक पंखा मंदावला. फ्रिज घुरघुरून थांबला. नळ्या विझल्या.

टॉवरच्या सावलीतली ती खोली एकदम राखाडी झाली. खिडकीच्या गजांमधून थोडा उजेड येत होता, धुरकट, दुपारचा. डोळे सरावायला क्षणभर लागला.

खुर्चीत साडी बसली होती.

सुचित्राने सकाळीच नेसवलेली, बारीक फुलांची. गुडघ्यांवर ती नीट वळली होती, पदर खांद्यावर होता, खांदा जिथे असतो त्या उंचीवर. ब्लाउजच्या बाहीचं तोंड गोल, उघडं होतं. खिडकीतला उजेड त्या बाहीतून आत जात होता आणि पलीकडे भिंतीवर पडत होता.

साडी हलली नाही. खाली पडलीही नाही. कशाच्या तरी आधाराने ती तशीच बसून होती.

सुचित्राच्या हातातली पिशवी कलंडली, मसाला लादीवर सांडला. उठावं, हात लावावा, असं तिच्या मनात आलं. दोन पावलांचं अंतर होतं. ती उठली नाही. अंधारामुळे होतं असं, ती स्वतःला सांगत होती. डोळ्यांवर झापड आलीये. रात्रभर झोप नाही. आई खुर्चीतच आहे, वाकली असेल, म्हातारी माणसं वाकतात, दिसत नाहीत.

गॅलरीत धावण्याचा आवाज आला. दारावर थापा पडल्या.

"ताई! ताई, दार उघड! लाइट गेलीये. आता बघ, आता बघ तिच्याकडे! मीही त्या दिवशी लाइट गेली तेव्हाच बघितलं होतं. ताई, लाइट यायच्या आत वायर काढ, मी पाया पडते तुझ्या!"

वायर सुचित्राच्या डोक्याशी होती. हात वर केला की पोचेल अशी. तिने हात वर केलाही. प्लगवर बोटं गेली. आई परत जड होईल का? कण्हेल, रडेल, हात झटकेल, आणि मग पाय खाली सोडून म्हणेल, मायाकडे ने. की खुर्चीत हे आहे तेवढंच उरेल? बोटं प्लगवर तशीच राहिली. दारावर थापा पडत होत्या.

पंखा गरगरला. नळ्या लुकलुकल्या आणि निळा उजेड भरला.

आई खुर्चीत होती. गाल, दंड, बांगड्या. तळवे वर केलेले. हसत होती.

"सुची," हाक आली. "सुची गो. जेवलीस काय?"

सुची. ह्या नावाने तिला आईने कधी हाक मारली नव्हती. सुचित्रा प्लग धरून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हाक आईच्याच आवाजात होती, खानावळीच्या काळातल्या, खणखणीत. पण ती आली तेव्हा सुचित्रा आईकडेच बघत होती, आणि आईचे ओठ हसू धरून जसे होते तसेच राहिले होते. आवाज वरून आला होता. तारांच्या जाळीमागून.

तिने प्लगवरचा हात काढला.

"जेवले गो आई," ती म्हणाली.

दारापलीकडून मायाने विचारलं, "ताई? काढलीस? काय बघितलंस?"

"काही नाही. आई आहे बसलेली." सुचित्राचा आवाज स्थिर होता. "तू जा तुझ्या घरी. माझ्याशी बोलत होती ती, तू मध्येच आलीस."

बराच वेळ बाहेर कुणीतरी हुंदके देत उभं होतं. मग पावलं लांब गेली.

सुचित्राने मोबाइल घेतला आणि नाक्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याला फोन लावला. इन्व्हर्टर पाहिजे होता. मोठा नको, पंखा वगैरे काही चालवायचं नाही, एकच पॉइंट, पण तो क्षणभरही बंद पडता कामा नये. आजच्या आज बसवाल का? तो हो म्हणाला. तिने त्याला मजला सांगितला, दार सांगितलं, आणि येताना जोरात हाक मारा म्हणाली, हल्ली मला दाराचा आवाज पटकन ऐकू येत नाही.

सांडलेला मसाला तिने तसाच राहू दिला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती आईच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसली. हात मांडीवर ठेवले. उजेड डोळ्यांना लागत नव्हता, उलट थंड वाटत होता.

"सुची," पुन्हा हाक आली.

"आहे ना गो," ती म्हणाली. "हयच आसंय."

तड्.

तिची पापणी हलली. कमरेतली उरलीसुरली कळही गेली, आणि तिला फार बरं वाटलं.